मॅगव्हीलवरचे लॅकर काढून धातू उघडाच ठेवावा का?

मुळाकाठ (११ डिसेंबर)

माझ्याकडे २०१३ सालची एक हॅचबॅक आहे. तिला कारखान्यातूनच १५ इंची मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, आली. आऱ्यांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत ठेवलेला, मधल्या खोबणी गडद राखाडी आणि या सगळ्यावर पारदर्शक लॅकर, अशी त्यांची घडण आहे. पहिली सहा-सात वर्षे चाके उत्तम दिसत होती. पुढे एका चाकाची कड फुटपाथला घासली आणि त्या जागेपासून लॅकरच्या आत पांढरे, नागमोडी धागे पसरू लागले. ते पुसले जात नाहीत आणि नखालाही लागत नाहीत, मात्र दर पावसाळ्यानंतर थोडे पुढे सरकलेले दिसतात. मागच्या डाव्या चाकावर तर आता लॅकरचे पोपडे सुटत आहेत.

रंगकाम करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी चारही चाके सरसकट राखाडी रंगवून घेण्याचा सल्ला दिला. तो मार्ग सोपा आहे हे मला मान्य आहे, परंतु कातलेल्या धातूचा तो उजेड मला गमवायचा नाही. दर्शनी भागावरचे लॅकर पूर्ण काढावे, धातू स्वतःच्या हाताने घासून आरशासारखा करावा आणि पुन्हा लॅकर न मारता तसाच ठेवावा, असा माझा विचार आहे. लॅकर कशाने काढावे आणि धातू उघडा ठेवणे शहाणपणाचे आहे का, या दोन्ही बाबतींत ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सावकाश (११ डिसेंबर)

उघडा ठेवू नये. कारखान्याने लॅकर मारले ते काही कारणाने मारले आहे.

धातुवेधी (११ डिसेंबर)

मुळाकाठ, आपण वर्णन केलेले धागे म्हणजे तंतुरूप क्षरण. ते कसे चालते हे कळले की लॅकर का काढावे लागते हेही कळेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. लॅकरला खडीचा टवका बसला किंवा कड घासली, की तिथून दमट हवा आणि क्षार आत शिरतात. धाग्याच्या टोकाशी प्राणवायू कमी पडतो, तिथे आम्लता वाढते, ऑक्साइडचा थर टिकत नाही आणि धातू विरघळू लागतो. टोक पुढे सरकते आणि मागे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची कोरडी, पांढरी शेपटी उरते. आपल्याला दिसते ती ही शेपटी. लॅकर वरून शाबूत असल्यामुळे आतली ओल वाळत नाही आणि बाहेरून कितीही मेण चोळले तरी ते तिथपर्यंत पोहोचत नाही. अशा जागेवर नुसते नवे लॅकर मारले, तर आतले टोक जिवंतच राहते.

कातलेल्या चाकांना हा त्रास अधिक होतो, कारण लेथवर कातताना आऱ्याच्या कडेला धारदार कोपरा तयार होतो आणि ओले लॅकर अशा कोपऱ्यावरून मागे ओढले जाऊन तिथला थर पातळ राहतो. आपल्या चाकांवर धागे कुठून सुरू झाले आहेत ते पाहावे. बहुतेक सगळे कोपऱ्यांपासून किंवा टवक्यांपासूनच निघालेले असतील.

मुळाकाठ (१२ डिसेंबर)

आज उजेडात नीट पाहिले. एक अपवाद वगळता सर्व धागे कोपऱ्यांपासूनच निघाले आहेत आणि तो अपवाद व्हॉल्व्हच्या भोकाशी आहे.

भोसरीकर (१२ डिसेंबर)

मी तीस वर्षे पॉलिशच्या कारखान्यात काम केले. तिथे नळाच्या तोट्यांपासून मोटारसायकलच्या इंजिनाच्या झाकणांपर्यंत सर्व प्रकारचा माल हाताखालून गेला, म्हणून हा प्रतिसाद थोडा लांबणार आहे.

लोक चमक बफमध्ये, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या सुती चकतीत, शोधतात. बफ शेवटचा दहावा हिस्सा करतो आणि उरलेले सगळे काम पेपरचे असते. लॅकर निघाल्यावर आपल्या चाकाच्या तोंडावर लेथच्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतील, अगदी जुन्या तबकडीवर असतात तशा. त्यांच्यावर थेट बफ मारला तर रेघा चमकतात, पण जात नाहीत, आणि लांबून पाहिले की चाक धुरकट दिसते. म्हणून ३२० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करावी. पुढे ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० असे जावे. मधला एकही नंबर गाळू नये. ४०० वरून थेट १००० वर जाणारा माणूस वेळ वाचवत नाही. १००० च्या पेपरला ४०० चे ओरखडे काढायला तिप्पट वेळ लागतो आणि तरी काही उरतातच.

पेपर बदलला की घासण्याची दिशाही बदलावी. ३२० ने आऱ्याच्या लांबीत घासले असेल, तर ४०० ने आडवे घासावे. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत त्याच पेपरवर थांबावे. दोन पेपरांच्या मध्ये चाक, हात आणि बादली स्वच्छ धुवावी, कारण मागच्या पेपरचा एखादा कण पाण्यात राहिला तर पुढच्या तासाभराचे काम वाया जाते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले की पेपर भरत नाही. आमच्याकडे जुने कारागीर पाण्याऐवजी रॉकेल वापरत, त्याने ॲल्युमिनियम पेपरला चिकटत नाही. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने घरी पाणीच बरे.

यानंतर बफ. आधी शिवलेल्या सुती बफवर ब्राउन लस्टर (पॉलिशची मेणयुक्त वडी) लावावे, त्याने काप मिळतो. मग मोकळ्या, मऊ सुती बफवर पांढरे लस्टर लावावे, त्याने झळाळी येते. दोन्ही लस्टर एकाच बफवर कधीही लावू नयेत. ग्राइंडर पूर्ण वेगाने फिरवला तर धातू तापतो आणि लस्टर त्यावर काळे होऊन बसते. ड्रिल मशीनवर छोटा बफ बसवून धीराने काम केले, तरी निकाल चांगला येतो.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. बफ नेहमी कडेवरून बाहेरच्या बाजूला फिरत जाईल असा धरावा. कडेच्या विरुद्ध धरला तर तो काठात अडकतो आणि यंत्र हातातून हिसकावले जाते. मी अशा अपघातात मनगटे मोडलेली पाहिली आहेत.

निंबोणी (१२ डिसेंबर)

भोसरीकर काका, आपला प्रतिसाद मी छापून ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी मी वडिलांच्या जुन्या गाडीची चाके घरी केली, त्यातला लॅकर काढण्याचा अनुभव लिहिते. दुकानात मिळणारा रंग काढण्याचा दाट रिमूव्हर ब्रशने जाड थर देऊन लावला आणि वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, म्हणजे तो लवकर वाळत नाही. वीस मिनिटांत लॅकर सुरकुतले आणि प्लास्टिकच्या पट्टीने सालीसारखे निघून आले. खोबणीतला राखाडी थर मात्र भट्टीत भाजलेल्या पावडर कोटिंगचा होता. तो तीनदा लावूनही पूर्ण निघाला नाही आणि नंतर मी तो निघावा असा आग्रहही सोडला. आधी टायर उतरवून घेतले होते. रिमूव्हर रबराला लागू देऊ नये.

एक चूक मी केली, ती इतरांनी करू नये. पहिले चाक मी बंद गॅरेजमध्ये केले. पंधरा मिनिटांत डोके जड झाले आणि मळमळू लागले. उरलेली तीन चाके गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून केली.

हिमरेषा (१३ डिसेंबर)

निंबोणी यांचा अनुभव गंभीरपणे घ्यावा. दाट, गोडसर वासाच्या जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ फुप्फुसांतून रक्तात गेली की शरीर तिचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करते, म्हणजे बंद खोलीत काम करणाऱ्याला एकाच वेळी दोन विषे भोवतात. साधा धुळीचा मुखवटा या वाफेला अडवत नाही आणि नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांतून हे द्रव्य काही मिनिटांत आरपार जाते. अशा रिमूव्हरमुळे बाथटबवर काम करणारे कामगार आणि घरगुती वापरकर्ते दगावल्यानंतर अमेरिकेत २०१९ साली सामान्य ग्राहकांना रंग काढण्यासाठी ते विकण्यावर बंदी आली. बेंझिल अल्कोहोलवर आधारित पर्याय मिळतात. त्यांना वीस मिनिटांऐवजी काही तास लागतात, परंतु मी तेच वापरतो. डबा विकत घेण्यापूर्वी त्यावरचे घटक वाचावेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

सावकाश (१३ डिसेंबर)

एवढी रसायने हाताळण्यापेक्षा सँड ब्लास्टिंग करून घेतलेले बरे नाही का? माझ्या भावाने तसेच केले, अर्ध्या तासात चाक स्वच्छ झाले.

भोसरीकर (१३ डिसेंबर)

पुन्हा रंग द्यायचा असेल तर ब्लास्टिंग ठीक आहे, कारण खरखरीत पृष्ठभागावर रंग चांगला धरतो. पॉलिश करायचे असेल तर ते करू नये. वाळूचा प्रत्येक कण धातूत खड्डा पाडतो आणि ते सगळे खड्डे मग पेपरने काढावे लागतात. ३२० ऐवजी १२० पासून सुरुवात करण्याची पाळी येते.

निंबोणी (१३ डिसेंबर)

स्वयंपाकघरात चोक झालेली मोरी उघडायला वापरतात तो कॉस्टिक सोडा वापरण्याचा सल्ला एका चित्रफितीत पाहिला होता. त्याबद्दल जाणकारांनी सांगावे.

धातुवेधी (१४ डिसेंबर)

कृपया तो चाकाजवळही आणू नये. कॉस्टिक सोडा लॅकरबरोबर ॲल्युमिनियमही खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, जो ठिणगीने पेटतो. द्रावण तापते, उसळते आणि धातू काळा, खरबरीत होतो.

आपल्या घरातच याचे सौम्य रूप दिसते. जर्मनच्या पातेल्यात किंवा प्रेशर कुकरच्या तळाशी जड पाणी उकळले की आतला भाग काळवंडतो, कारण असे पाणी अल्कधर्मी असते. त्यात लिंबाची फोड किंवा चिंच टाकण्याची आपल्या आयांची पद्धत याच कारणाने उपयोगी पडते, आम्लामुळे तो काळा थर बसत नाही. उघडे ॲल्युमिनियम साधारणपणे ४ ते ८.५ सामूच्या दरम्यान सुखात असते. म्हणून लॅकर काढलेले चाक धुण्याच्या सोड्याने किंवा तीव्र डिटर्जंटने धुऊ नये आणि आम्लयुक्त व्हील क्लीनरनेही धुऊ नये. गाडी धुण्याचा सौम्य शांपू पुरतो.

चिंचेवरून कोणाला तांब्या-पितळेची भांडी आठवली असतील, तर हेही सांगून ठेवतो. तांब्यावरचा काळा थर आम्लात विरघळतो म्हणून तिथे चिंच चमक आणते. ॲल्युमिनियमची चमक पृष्ठभाग सपाट करण्यातूनच मिळते, त्यामुळे भांड्यांची चूर्णे इथे फक्त ओरखडे पाडतील.

स्टुटगार्टकर (१४ डिसेंबर)

रिमूव्हर लावण्यापूर्वी आपल्या चाकावर नेमके काय आहे याची खात्री करावी, असे मला सुचवायचे आहे. इथे जुन्या पोर्शे ९११ गाड्यांची फुक्स चाके दुरुस्त करणाऱ्या एका कार्यशाळेत मी सुटीच्या दिवशी मदतीला जात असे. १९६६ साली ९११ एस बरोबर आलेली ती चाके घडीव ॲल्युमिनियमची असून त्यांच्यावर ॲनोडायझिंग केलेले असते. लॅकर हा वरून चढवलेला थर असतो, तर ॲनोडायझिंग म्हणजे धातूचाच मुद्दाम वाढवलेला ऑक्साइड. त्यावर रिमूव्हरचा काहीही परिणाम होत नाही आणि पेपर त्यावर नुसता घसरतो. ते नकळत एकाच बाजूने घासले गेले तर चाकाच्या छटेत असा फरक पडतो की सगळे चाक पुन्हा मुळापासून करावे लागते. क्रोमचा मुलामा असलेली चाके घासूच नयेत.

मुळाकाठ यांच्या चाकांचे पोपडे सुटत आहेत, म्हणजे तिथे लॅकरच आहे.

टायरमित्र (१५ डिसेंबर)

आमचे टायरचे दुकान आहे, त्यामुळे चाकाची मागची बाजू आम्ही अधिक पाहतो. ज्या कडेवर टायर बसतो तिथले कोटिंग गेले आणि गंज धरला, की हवा हळूहळू उतरू लागते. गिऱ्हाईक पंक्चर शोधत राहते आणि पंक्चर काही सापडत नाही. त्यामुळे टायर बसण्याची कड, हबला टेकणारी सपाट जागा आणि नटांच्या बैठका, या तीन ठिकाणी रिमूव्हर, पेपर किंवा बफ काहीही लावू नये. नटाच्या बैठकीवर पॉलिशचे मेण राहिले तर नट ठरल्या जोराने बसत नाही. चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून नट पुन्हा पान्याने तपासावेत.

बॅलन्सिंगची वजने आतून चिकटवायची मागावीत. कडेला ठोकून बसवायची वजने उघड्या धातूवर पहिल्याच दिवशी खुणा पाडतात.

दर्यावर्दी (१५ डिसेंबर)

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर अजून कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी रत्नागिरीत समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. चार वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने चारही चाके उघडी केली. पहिला महिना ती पाहून मन भरत नव्हते. मे महिन्यात खारा वारा सुटला आणि पंधरा दिवसांत चाकांवर पांढरट झाक आली. मी ती घासून काढली. जूनमध्ये सलग आठ दिवस गाडी काढता आली नाही आणि त्यानंतर पाहिले तर धातूत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडले होते. पॉलिशने झाक जाते, ठिपके जात नाहीत, त्यासाठी पुन्हा ६०० च्या पेपरपर्यंत मागे यावे लागते. दोन पावसाळे मी हे केले आणि तिसऱ्या वर्षी चाके रंगवून घेतली. मला त्या कामाचा पश्चात्ताप नाही, परंतु किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही.

धातुवेधी (१५ डिसेंबर)

ते ठिपके क्लोराइडचे काम. मिठातला क्लोराइड ऑक्साइडचा थर एखाद्या बिंदूवर भेदतो आणि मग तिथेच खोल खणत जातो.

हिमरेषा (१६ डिसेंबर)

दर्यावर्दी यांच्याकडे समुद्राचे मीठ आहे, माझ्याकडे मिशिगनमध्ये रस्त्याचे. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. माझी उघडी चाके एप्रिल ते ऑक्टोबर गाडीवर असतात आणि बाकीचे महिने पोलादी चाकांवर काढतो.

तरीही उघडा धातू टिकतच नाही, असे म्हणता येणार नाही. अल्कोआने १९४८ साली ट्रकसाठी घडीव ॲल्युमिनियमची चाके आणली आणि इथल्या मोठ्या ट्रकांवर ती आजही बिनलॅकरची, घासून चमकवलेली दिसतात. महामार्गावरच्या थांब्यावर चालक गुडघ्यावर बसून एकेक चाक पुसताना मी कित्येकदा पाहिले आहेत. पॉलिश करून झाल्यावर ते चाकावर मैद्यासारखे पीठ भुरभुरवून मऊ कापडाने पुसतात, त्याने पॉलिशचा उरलेला काळा, तेलकट अंश उचलला जातो. मी हे करून पाहिले आहे आणि फरक स्पष्ट दिसतो. अलीकडच्या काही चाकांवर मात्र कारखान्यातच धातूशी एकजीव होणारी प्रक्रिया केलेली असते, त्यांना घासणारे पॉलिश लावले तर ती प्रक्रियाच नष्ट होते.

स्टुटगार्टकर (१६ डिसेंबर)

लॅकर नसलेले चाक ही मुळात जुनीच गोष्ट आहे. बुगाटीने १९२४ साली लिऑनच्या शर्यतीत टाइप ३५ गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची आठ आऱ्यांची चाके लावली, तेव्हा ब्रेकचा ड्रमही चाकाचाच भाग होता.

सावकाश (१७ डिसेंबर)

माझा आक्षेप कायम आहे, फक्त आता कारण नीट मांडतो. पॉलिश करावे आणि त्यावर पुन्हा क्लिअर लॅकर मारून घ्यावे. त्यात चमकही राहील आणि दर महिन्याचे घासणेही टळेल. उघडे ठेवण्याचा हट्ट कशासाठी?

भोसरीकर (१७ डिसेंबर)

हा मार्ग कागदावर सर्वांत चांगला दिसतो, पण आमच्याकडे अशी कामे सर्वाधिक परत येत असत. रंगाला धरायला पृष्ठभागावर थोडा खरखरीतपणा लागतो. आरशासारखा घासलेला धातू गुळगुळीत असतो आणि त्यावर लस्टरचे मेण राहिलेले असते. लॅकर बसते, सहा महिने छान दिसते आणि पहिल्या टवक्यापासून पापुद्र्यासारखे सुटते. कारखान्यात लॅकरच्या आधी धातूवर रासायनिक प्रक्रिया करतात, लेथच्या रेघाही पकड देतात. हे दोन्ही आपण घासून टाकलेले असते. लॅकर मारायचेच असेल तर चाक पुन्हा लेथवर कातून घ्यावे आणि आरसा विसरावा. कातण्यालाही मर्यादा असते, प्रत्येक वेळी थोडा धातू जातो आणि दोन-तीन वेळांनंतर चांगला कारागीर नकार देतो.

धातुवेधी (१७ डिसेंबर)

भोसरीकर यांच्याशी सहमत आहे आणि एक धोका जोडतो. काही ठिकाणी जुना रंग जाळून काढण्यासाठी चाके भट्टीत टाकतात. बहुतेक ओतीव चाकांच्या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असते. त्याला ताकद येते ती नेमक्या तापमानाच्या उष्णतासंस्कारातून. पावडर कोटिंग सुमारे १८० ते २०० अंशांवर थोडा वेळ भाजतात, तेवढे एकदा चालते. रंग जाळणाऱ्या भट्टीचे तापमान याच्या दुप्पट असू शकते, आणि त्याने तो संस्कार पुसला जाऊन चाक मऊ पडते. बाहेरून पाहून हे कळत नाही.

त्याच सिलिकॉनमुळे ओतीव चाक घडीव चाकाइतके पांढरेशुभ्र चमकत नाही, त्याच्या आरशात किंचित राखाडी छटा राहते. मुळाकाठ यांनी अपेक्षा तेवढीच ठेवावी.

निंबोणी (१८ डिसेंबर)

पॉलिश केल्यामुळे मला एक फायदा झाला, तो इथे नोंदवते. १००० च्या पेपरनंतर एका आऱ्याच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली, जी कोणत्याही दिशेने घासून जाईना. टायरवाल्यांच्या सांगण्यावरून तडा उठून दिसावा यासाठी लावतात त्या लाल रंगाच्या डाय पेनेट्रंटने तपासणी केली आणि ती तडा ठरली. ते चाक मी वेल्डिंग न करता भंगारात दिले. लॅकर आणि रंगाखाली ती तडा किती वर्षे लपली होती, कोण जाणे.

मुळाकाठ (२० डिसेंबर)

सर्वांचे मनापासून आभार. माझी स्टेपनी पोलादी असल्याने तिच्यावर सराव करता येत नव्हता, म्हणून जुन्या बाजारातून एक टाकाऊ मॅगव्हील आणले आहे. आधी त्यावर हात बसवतो. गाडीची चाके झाल्यावर एक प्रयोग करण्याचा विचार आहे. पुढची दोन चाके पॉलिश करून उघडी ठेवावीत, मागची दोन कातून लॅकर मारून घ्यावीत आणि एक पावसाळा जाऊ द्यावा.

टायरमित्र (२० डिसेंबर)

प्रयोग असा केला तर तो न्याय्य होणार नाही. पुढच्या ब्रेकवर भार जास्त असल्याने ब्रेकची गरम लोखंडी धूळ पुढच्या चाकांवर कितीतरी जास्त बसते. पुढचे डावे आणि मागचे उजवे उघडे ठेवावे, उरलेली दोन लॅकरची.

मुळाकाठ (२ फेब्रुवारी)

टायरमित्र यांची सूचना मान्य करून तसेच केले आहे. बेंझिल अल्कोहोलचा रिमूव्हर रात्रभर ठेवला आणि सकाळी लॅकर पट्टीने निघाले. टाकाऊ चाकावर मी घाईने ६०० चा पेपर गाळला होता. बफ मारल्यावर सगळ्या रेघा उन्हात उठून दिसल्या आणि पुन्हा ४०० पासून सुरुवात करावी लागली. भोसरीकर काकांचे म्हणणे त्या दिवशी हाताला कळले. गाडीच्या पहिल्या चाकाला नऊ तास लागले आणि दुसऱ्याला सहा. खोबणीतला राखाडी रंग तसाच ठेवला, त्यामुळे चमक अधिक उठावदार दिसते. वर मेणाचा थर दिला आहे. उरलेली दोन चाके पिंपरीच्या एका कारागिराने कातून, लॅकर मारून दिली.

निंबोणी (२ फेब्रुवारी)

आता पावसाळ्याची वाट पाहू.

मुळाकाठ (६ ऑक्टोबर)

आठ महिन्यांचा हिशेब देतो. उघडी दोन चाके दर रविवारी सौम्य शांपूने धुतली आणि महिन्यातून एकदा पॉलिश करून मेण लावले, दर वेळी दोन्ही मिळून चाळीस मिनिटे लागली. जुलैमध्ये तीन आठवडे मी परगावी होतो, गाडी उघड्यावर उभी होती. परतल्यावर दोन्ही चाकांवर दुधी झाक होती, पण ती पॉलिशच्या दोन हातांत गेली. दर्यावर्दी म्हणतात तसे ठिपके भिंगातूनही सापडले नाहीत. पुण्याच्या हवेत समुद्राचे मीठ नाही, हाच फरक असावा.

लॅकरच्या चाकांपैकी मागचे निर्दोष आहे. पुढच्याला ऑगस्टमध्ये खडी लागून टवका उडाला आणि तिथून एक पांढरा धागा निघाला आहे. त्याची लांबी आज ७ मिलिमीटर आहे.

उघड्या चाकाला फुटपाथ लागला तरी पेपर घेऊन मी ती जागा स्वतः दुरुस्त करू शकतो आणि मला हे काम आवडू लागले आहे, म्हणून उरलेली दोन चाकेही या थंडीत उघडी करणार आहे. माझे मेहुणे मालवणला राहतात. त्यांनी विचारले तेव्हा मात्र त्यांना चाके रंगवून घ्यायला सांगितले.

सावकाश (६ ऑक्टोबर)

इतक्या मेहनतीने मोजमाप ठेवल्याबद्दल अभिनंदन. मी माझी चाके लॅकरचीच ठेवणार आहे, कारण दर रविवारी तेवढा वेळ मला मिळणार नाही. पण कोणी विचारले तर यापुढे नुसते नाही म्हणणार नाही, हा धागा वाचायला देईन.

दर्यावर्दी (७ ऑक्टोबर)

मेहुण्यांना दिलेला सल्ला योग्य आहे. एक शंका आहे. आपण चाकाच्या आतल्या बाजूचे, ब्रेककडचे लॅकरही काढले होते का?

मुळाकाठ (७ ऑक्टोबर)

नाही. आतली बाजू आणि टायरची कड कारखान्यातून आली तशीच आहे. रिमूव्हर लावण्यापूर्वी तिथे दुहेरी मास्किंग टेप लावली होती.